टॅबवरची पीसीआर नक्की कधी भरायची : पेशंटपाशी, वाटेत, की सोडून आल्यावर?

उत्तररात्र

नमस्कार मंडळी,

आमची रुग्णवाहिका सेवा कागदी पीसीआर (पेशंट केअर रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक पेशंटची नोंद) सोडून टॅबवर जाते आहे. प्रशिक्षणात लॉगिन कसं करायचं, कुठलं पान कुठे उघडतं, सही कशी घ्यायची हे सगळं दाखवलं. पण पहिल्याच कॉलपासून जो प्रश्न पडणार आहे त्यावर अवाक्षर नाही : हे भरायचं कधी?

पेशंट जमिनीवर पडलेला असताना हातात टॅब धरता येत नाही. गाडी चालू असताना धरला तर नजर पेशंटवरून उठते. सोडून आल्यावर भरावं म्हटलं तर तोवर पुढचा कॉल आलेला असतो आणि दोन पेशंटांचे बीपी डोक्यात एकमेकांत मिसळलेले असतात.

माझं मत आधीच मांडून ठेवतो. पेशंट ताब्यात घेणाऱ्या डॉक्टर-सिस्टरना पुढच्या दहा मिनिटांत जे लागणार आहे, ते हँडओव्हरपूर्वी टॅबवर असलंच पाहिजे. बाकीचं मागाहून भरलं तरी चालेल. अडचण अशी, की आम्हाला दाखवलेल्या ॲपात पहिल्या पानावर नाव, पत्ता, नातेवाइकाचा फोन, कॉलचा प्रकार, गाडीचं रीडिंग असं सगळं आहे, आणि ॲलर्जी व चालू औषधं शोधायला चार पानं पुढे जावं लागतं. हा क्रम हिशेब ठेवणाऱ्याच्या सोयीने लावलेला आहे.

जे आधीपासून टॅबवर काम करतात त्यांनी सांगा : तुम्ही काय कधी भरता? कुठे अडता? अजून बदल करून घेता येण्यासारखे आहेत, तर आम्ही काय काय मागून घ्यावं?

मीनाक्षी_ई

चांगला विषय काढलात. आम्ही बरीच वर्षं टॅबवर आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी वेळा बाजूला काढा. बाकी बरंच काही नंतर आठवतं, वेळ आठवत नाही. हृदय बंद पडलेल्या पेशंटवर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) चालू असतं, अ‍ॅड्रेनलिन दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम द्यायचं असतं, मध्ये शॉक, मध्ये नळी घालणं. अर्ध्या तासाने बसून लिहायला घेतलं की दुसरा डोस कधी दिला हे चार जणांना विचारलं तरी चार उत्तरं येतात. म्हणून आमच्या ॲपात एक वेगळा पडदा मागून घेतला. त्यावर फक्त अंगठ्याएवढी मोठी बटणं : पेशंटपाशी पोचलो, सीपीआर सुरू, शॉक, अ‍ॅड्रेनलिन, नाडी परत आली. दाबलं की वेळ पडते, दुसरं काहीही विचारत नाही. मात्रा, शीर कुठली, कोणी दिलं, हे सगळं मागाहून त्या वेळेसमोर भरायचं.

यात "घटनास्थळी पोचलो" आणि "पेशंटपाशी पोचलो" ही दोन बटणं वेगळीच हवीत. गाडी फाटकात उभी राहिली आणि पेशंट सातव्या मजल्यावर असला, तर मधली मिनिटं कुठे गेली ते नोंदीत दिसलं पाहिजे.

आणि टॅब आला म्हणून चिकटपट्टी सोडू नका. पॅन्टला मांडीवर रुंद चिकटपट्टीचा वीतभर तुकडा लावायचा आणि त्यावर बॉलपेनने वेळ, बीपी, नाडी, साखर एकाखाली एक लिहीत जायचं. हातमोज्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण मोजा उतरवला की नोंद कचऱ्यात जाते. हँडओव्हर झाल्यावर पट्टी टॅबच्या पाठीला लावायची, आकडे चढवून झाले की फाडून टाकायची. तिच्यावर पेशंटची माहिती असते, ती इकडे तिकडे पडू द्यायची नाही.

धडधड

हातमोजा संघातून आजच राजीनामा. चिकटपट्टी पक्षात प्रवेश मिळावा ही विनंती. :)

काटकोन

धागाकर्त्याचा हँडओव्हरपूर्वीचा आग्रह मला धोक्याचा वाटतो.

मागच्या भागात पेशंटसोबत एकच माणूस असतो. गाडी वळणं घेत असताना तो टॅबवर टाइप करतोय म्हणजे मान खाली, एक हात अडकलेला, आणि पाच वेळा उठबस केल्यामुळे पट्टा सुटलेला. पेशंटचा रंग बदलला, ओठ निळे पडायला लागले, श्वास घ्यायची धडपड कमी झाली, हे मॉनिटरआधी डोळ्यांना दिसतं. ते डोळे पडद्यावर असले तर कोण बघणार? वरून दुखणाऱ्या माणसाला आपण त्याच्याकडे न बघता प्रश्न विचारतोय हे लगेच कळतं, तो मग अर्धवट उत्तरं देतो.

बटणं दाबण्यापर्यंत मीनाक्षीताईंशी सहमत. त्यापलीकडे गाडीत टॅब नको. तोंडी हँडओव्हर नीट द्या, पट्टीवरचे आकडे वाचून दाखवा, लिखाण पेशंट सोपवल्यावर.

डॉ_शर्वरी

मी कॅज्युअल्टीच्या बाजूची. काटकोन म्हणतात त्यातलं बरंच पटतं, पण माझ्या टोकाला काय होतं ते सांगते.

तोंडी हँडओव्हर मी मन लावून ऐकते. वय, घटना कधी घडली, कशी घडली, काय सापडलं, व्हायटल्स (बीपी, नाडी, श्वास वगैरे), काय उपचार केले, या क्रमाने कुणी मिनिटभरात सांगितलं तर फार मोठं काम होतं. पण त्याच वेळी तीन माणसं पेशंटला ट्रॉलीवरून उचलत असतात, कुणीतरी शीर शोधत असतं, मॉनिटर ओरडत असतो. पाच मिनिटांनी मला शंका येते आणि तोवर रुग्णवाहिका गेलेली असते. पूर्ण रिपोर्ट येतो तो पेशंट वॉर्डात गेल्यावर. तो कितीही सुंदर असो, निर्णय घेऊन झालेले असतात.

पक्षाघाताचं उदाहरण घ्या. गुठळी विरघळवणारं औषध साधारण ४.५ तासांच्या आत द्यायचं असतं. हे तास पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला तिथपासून मोजायचे. घरचे म्हणतात, "सकाळी सहाला उठवायला गेलो तर हात उचलेना." म्हणजे सहा ही सापडल्याची वेळ. रात्री अकराला बोलून झोपला असेल तर मोजणी अकरापासून. हा प्रश्न घरातल्या माणसाला तिथेच विचारावा लागतो, कारण तो माणूस गाडीत असेलच असं नाही. कुठल्या तरी चौकटीत नुसतं "सुरुवात : ६.००" आलं तर सगळीच गफलत. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर २०१८ च्या अभ्यासांनंतर निवडक पेशंटांत २४ तासांपर्यंत गुठळी ओढून काढता येते, म्हणजे रात्री अकरा हा आकडा त्याच्यासाठीही तेवढाच मोलाचा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हा दुसरा प्रश्न. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे औषधांच्या पाकिटांचा टॅबवर काढलेला फोटो. टाइप करायची गरजच नाही. दहा सेकंदांचं काम आहे.

तेव्हा मला पूर्ण पीसीआर नकोच आहे. एक पान द्या : शेवटचं ठीक कधी, ॲलर्जी, औषधांचा फोटो, पहिले आणि शेवटचे व्हायटल्स, ईसीजी, दिलेली औषधं वेळेसकट. हे पान गाडी दारात यायच्या आत माझ्या पडद्यावर असेल तर मी तयारीत उभी असते. छातीत दुखणाऱ्या पेशंटचा १२ लीड ईसीजी वाटेतून आला की कॅथलॅबला (हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडतात त्या विभागाला) आधी कळवता येतं, पेशंट मधे कुठे थांबत नाही.

उत्तररात्र

@डॉ_शर्वरी, हेच एक पान माझ्या मनात होतं, मला इतकं नेमकं मांडता आलं नव्हतं. आभार.

गणकयंत्र

मी असली सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांपैकी आहे. पडद्यांचा क्रम वाईट असतो हे खरं, पण तो तसा का होतो हेही समजून घ्या. विकत घेणाऱ्याच्या मागण्यांची यादी येते, ती यादी करताना गाडीत बसणारं माणूस खोलीत नसतं. उत्तररात्र, तुमच्या सेवेत चाचणीसाठी लोक मागतील तेव्हा हात वर करा.

आता मागून काय घ्यावं ते.

नेटवर्क नसताना ॲप पूर्ण चाललं पाहिजे. "ऑफलाइन चालतं" असं सगळेच म्हणतात, म्हणून स्वतः तपासा : विमान मोड लावा, नवी केस उघडा, फोटो काढा, सही घ्या, ॲप बंद करून पुन्हा उघडा. सगळं जागेवर असलं पाहिजे, आणि नेटवर्क आल्यावर एकाच केसच्या दोन प्रती होता कामा नयेत.

दुसरं "नाही"चे प्रकार. रिकामी चौकट काहीच सांगत नाही. विचारायचं राहिलं? विचारलं पण माहीत नव्हतं? या पेशंटला लागूच नव्हतं? अमेरिकेत रुग्णवाहिकांच्या नोंदींसाठी नेमसिस नावाची राष्ट्रीय मानकप्रणाली आहे. २००१ पासून ती उभी राहत गेली, तिचं तांत्रिक केंद्र यूटा विद्यापीठात आहे. तिथे "लागू नाही" आणि "नोंदलं नाही" यांना वेगवेगळे संकेत आहेतच, वर न केलेल्या गोष्टीचं कारणही नोंदता येतं. समजा छातीत दुखतंय आणि अ‍ॅस्पिरिन दिली नाही. का नाही? ॲलर्जी आहे, आधीच घेतलेली आहे, पेशंटने नकार दिला, देण्यात धोका होता. ही चार वेगळी उत्तरं आहेत आणि चारही पुढच्या डॉक्टरला उपयोगी. रिकामी चौकट मात्र ईएमटी (रुग्णवाहिकेतला आपत्कालीन तंत्रज्ञ) विसरला असं सुचवते आणि त्याच्यावर अन्याय करते.

तिसरं, सक्तीच्या चौकटी. त्यांवर माझा सहकाऱ्यांशी कायम वाद होतो.

काटकोन

@गणकयंत्र, त्या सक्तीच्या चौकटींवरच या. लाल चौकट भरल्याशिवाय केस बंद होत नाही, पहाट झालेली असते, पुढचा कॉल वाजतोय. माणूस काय करेल? जे चालेल ते टाकेल. श्वासाची गती सगळ्यांची १६, शुद्धीचा स्कोअर सगळ्यांचा १५. ती नोंद रिकाम्या चौकटीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर कुणीतरी विश्वास ठेवणार.

गणकयंत्र

शंभर टक्के. म्हणून सक्ती थोड्याच चौकटींना हवी, आणि जिथे सक्ती तिथे "तपासता आलं नाही" हे उत्तर एका टिचकीवर हवं. वय माहीत नसेल तर अंदाजे वय स्वीकारलं पाहिजे. जन्मतारखेवाचून पुढे न जाणाऱ्या पडद्यात लोक खोट्या तारखा टाकतात आणि मग त्या पेशंटचा हॉस्पिटलातल्या नोंदीशी मेळ कधीच लागत नाही.

रेघोटी

शुद्धीच्या १५ वरून आठवलं. ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलं, त्यात डोळे, बोलणं आणि हालचाल हे तीन भाग वेगळे पाहायचे असतात : कमाल ४, ५ आणि ६. आमच्या जुन्या ॲपात फक्त बेरजेची चौकट होती. आता बघा, डोळे २, बोलणं २, हालचाल ५ असलेला पेशंट म्हणजे ९. डोळे ४, बोलणं १, हालचाल ४ तोही ९. दोघांची अवस्था एकसारखी नाही. दर वेळी तिन्ही आकडे वेगळे असतील तर वाटेत नेमकं काय बिघडलं ते कळतं.

आणि सुजून डोळे मिटलेल्या पेशंटला डोळ्यांसाठी १ देऊ नका. तिथे "तपासता येत नाही" असंच नोंदवायचं. ड्रॉपडाउनमध्ये तो पर्याय नसेल तर तो नक्की मागून घ्या.

पाणपोई

फार वाचनीय धागा. मी या क्षेत्रातली नाही, वडिलांना एकदा रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं होतं. तेव्हा आतला मुलगा सतत पडद्यात बघत होता, आम्हाला वाटलं मोबाइल चाळतोय. फार राग आला होता. आज कळलं तो काय करत असावा.

मीनाक्षी_ई

@पाणपोई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. "मी यांची माहिती हॉस्पिटलला पाठवतेय, माझं लक्ष आहे" एवढं एक वाक्य मी टॅब उचलताना म्हणते. पेशंट शुद्धीत असेल तर पडदा त्याला दिसेल असा धरते. नावाचं स्पेलिंग, औषधाचं नाव तोच दुरुस्त करून देतो.

ठिपका

एका गोष्टीवर कुणी बोललं नाही : घड्याळं. एका केसमध्ये तीन घड्याळं असतात. कॉल घेणाऱ्या केंद्राचं, टॅबचं आणि मॉनिटर-डिफिब्रिलेटरचं (शॉक देणाऱ्या यंत्राचं, थोडक्यात डिफिबचं). पहिली दोन नेटवर्कवरून जुळतात. डिफिबचं घड्याळ अनेक ठिकाणी हाताने लावलेलं असतं आणि हळूहळू सरकत जातं. मग सगळा डेटा एकत्र आला की पहिला शॉक आपण पेशंटपाशी पोचायच्या आधीच दिलेला दिसतो.

ड्यूटी सुरू करताना ऑक्सिजन, सक्शन बघता तसं डिफिबचं घड्याळही टॅबशी ताडून बघा. फरक असेल तर जुळवून घ्या. केस झाल्यावर लक्षात आलं तर मात्र मूळ वेळा खोडू नका, फरक किती मिनिटांचा होता ते नोंदीत लिहा. शहाणं सॉफ्टवेअर तो फरक धरून सगळी मांडणी सरकवून दाखवतं.

धडधड

@ठिपका, हे आमच्याकडे कुणीच बघत नाही. उद्या तपासतो.

मॉनिटरचा विषय निघालाच आहे तर, आकडे आपोआप टॅबवर येतात त्याबद्दल काय मत? मला ते वरदान वाटतं.

ठिपका

वरदान आहेच, उतरवून घेण्यातल्या चुका जातात. फक्त यंत्राने पाठवलं म्हणून ते खरं असं धरू नये. कफ फुगत असताना गाडीने गचका खाल्ला की बीपी भलताच येतो. गारठलेल्या बोटावर रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ७० दाखवतं आणि माणूस निवांत गप्पा मारत असतो. असा आकडा पुसायचा नाही, त्यावर "रीडिंग अविश्वसनीय, बोट थंड" असा शेरा मारायचा आणि पुन्हा मोजायचं.

उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. आगीतून काढलेल्या माणसाचं सॅच्युरेशन ९९ येतं. साध्या पल्स ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. नोंदीतले सगळे आकडे हिरवे, आणि पेशंट आतून गुदमरतोय. तिथे "बंद, धुराने भरलेल्या खोलीत बेशुद्ध सापडला" ही एक ओळ सगळ्या आकड्यांहून मोठी. ती कुठल्याही ड्रॉपडाउनमध्ये बसत नाही, माणसाला लिहावीच लागते.

डॉ_शर्वरी

ठिपका यांच्या या शेवटच्या ओळींसाठी उभं राहून टाळ्या.

मोकळ्या हकिकतीची चौकट टॅबवर दिवसेंदिवस आक्रसत चालली आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही घरात गेलेले असता, मी गेलेली नसते. पेशंट जिन्याच्या वर पडला होता की खाली, उशाशी रिकामी पाकिटं होती का, घरात दुसरं कुणी होतं का, सांगणारा नवरा होता की शेजारी, हे तुमच्याशिवाय मला कुणीच सांगू शकत नाही. दोन-चार वाक्यं पुरतात. घरच्यांनी सांगितलेलं आणि तुम्ही पाहिलेलं वेगळं ठेवा : "मुलगी म्हणाली की..." असं.

साच्यातली तयार वाक्यं मात्र काढून टाका. "पेशंट शुद्धीत, नीट प्रतिसाद देत आहे" हे आपोआप छापलेलं, आणि खाली शुद्धीचा स्कोअर ६. अशी नोंद हातात आली की मी पूर्ण कागदावरच विश्वास ठेवायचं बंद करते, त्यातल्या खऱ्या गोष्टींवरही.

अर्धविराम

मग बोलून का लिहू नये? हल्ली आवाजावरून टायपिंग चांगलं होतं, एआयने तर अख्खी हकिकत तयार होते.

मीनाक्षी_ई

वापरून पाहिलंय. उभ्या गाडीत, दारं लावून, ठीक चालतं. सायरन चालू असताना एकोणसाठचं एकोणसत्तर होतं. आणि "दिलं नाही" मधला "नाही" गळला तर काय होईल ते सांगायला नको. बोलून लिहिलेलं प्रत्येक वेळी वाचून मगच सही.

एआयने बनवलेल्या हकिकतीत न केलेली तपासणी केल्यासारखी उतरते, कारण अशा हकिकतीत ती सहसा असते. छातीला स्टेथोस्कोप लावलेलाच नाही आणि "दोन्ही बाजूंना श्वास समान" असं तयार! खाली सही आपली, जबाबदारी आपली. मसुदा म्हणून घ्या, वाक्यनुवाक्य तपासा, नाहीतर चार वाक्यं स्वतः लिहा. चार वाक्यं लिहायला वेळ कमीच लागतो.

काटकोन

नळी घातलेल्या पेशंटबद्दल एक भर. नळी श्वासनलिकेत आहे याचा सगळ्यात भक्कम पुरावा कॅप्नोग्राफीची, म्हणजे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाची, लहर. घातल्यावर, स्ट्रेचरवर हलवल्यावर आणि हँडओव्हरच्या क्षणी अशी तीनदा ती लहर नोंदीला जोडा. हॉस्पिटलात ट्रॉली बदलताना नळी सरकली आणि कुणी म्हणालं की ती आधीपासूनच चुकीच्या जागी होती, तर तोंडी वाद घालावा लागत नाही. कागदावर हे शक्यच नव्हतं, इथे टॅबचे उपकार मानतो.

सावधचित्त

पुराव्यावर आलाच आहात तर मी कायद्याच्या बाजूने लिहितो.

तक्रारी येतात त्यांत पेशंट नेला नाही अशा केसेस फार महत्त्वाच्या. पेशंट म्हणतो "मी बरा आहे, मला नाही यायचं", सही करतो, काही तासांनी बिघडतो. तेव्हा टॅबवर नुसती सही असून भागत नाही. तो शुद्धीत आणि समजण्याच्या स्थितीत होता हे कशावरून ठरवलं, न येण्यात काय धोका आहे ते कोणत्या शब्दांत सांगितलं, त्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं का, साक्षीला कोण होतं, "त्रास वाढला तर पुन्हा फोन करा" हे सांगितलं का, हे सगळं हवं. आणि सही कोऱ्या पांढऱ्या चौकटीवर घेऊ नका. आधी मजकूर पडद्यावर दाखवा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. नोंद बंद केल्यावर काही आठवलं तर पुरवणी जोडायची. ती कधी आणि कोणी जोडली हे दिसतं, जुना मजकूर तसाच राहतो. ज्या ॲपात जुना मजकूर बदलून टाकता येतो आणि मागे खूण राहत नाही, ते ॲप तुमचं रक्षण करू शकत नाही.

रानवारा

गंभीर चर्चेत एक व्यावहारिक मुद्दा. पावसात पडदा आपला आपण टिचक्या मारतो, रक्त किंवा जेल लागलेल्या मोज्याला दाद देत नाही, आणि रात्री गाडीच्या अंधारात पांढरा पडदा उघडला की डोळे दिपून शीर दिसेनाशी होते. काळी पार्श्वभूमी, मोठी बटणं, बसवायला पक्का स्टँड आणि जंतुनाशकाने रोज पुसलं तरी टिकणारं आवरण, हे घेतल्याशिवाय टॅब स्वीकारू नका. पेशंटला हात लावलेल्या मोज्यानेच टॅबला हात आणि तोच टॅब पुढच्या पेशंटच्या पांघरुणावर, हे मी इतक्यांदा पाहिलंय की ओरडावंसं वाटतं. दोन केसेसच्या मध्ये स्ट्रेचर पुसता, तेव्हा टॅबही पुसा.

उत्तररात्र

सगळं वाचतोय, उतरवून घेतोय. एक विचारू का? इतका डेटा वर जातो, त्याचं पुढे होतं काय? आमच्या मुलांना वाटतं की हे सगळं आपल्यावर नजर ठेवायला आहे.

गणकयंत्र

ही भीती रास्त आहे, आणि सेवेने तसा वापर केला तर लोक नोंदी सजवायला लागतात. पण खरा उपयोग दुसराच.

१९९० साली नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात वेगवेगळ्या देशांतले पुनरुज्जीवनाचे तज्ज्ञ जमले. हृदय बंद पडलेल्यांपैकी किती वाचतात, याचे आकडे जो तो आपापल्या पद्धतीने मोजत होता, तुलनाच होत नव्हती. कोणाला मोजायचं, कुठल्या वेळा नोंदायच्या, कोणी समोर पाहिलं होतं का, आधी कोणी सीपीआर दिलं होतं का, याची एक समान पद्धत त्यांनी ठरवली, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. आज जगभर तीच चौकट वापरतात. अमेरिकेतली केअर्स ही हृदयबंदीची नोंदवही २००४ साली सुरू झाली, तीही त्याच वळणाची. बघ्यांनी दिलेल्या सीपीआरने जीव वाचतात, पहिल्या काही मिनिटांतला शॉक निर्णायक असतो, हे अशाच नोंदी एकावर एक ठेवून पक्कं होत गेलं. तुम्ही दाबलेलं "सीपीआर सुरू" हे बटण त्यातलंच.

रेघोटी

आणि ते उलट दिशेनेही यायला हवं! मी नेलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे मला कळत नाही, हे या कामातलं सगळ्यात मोठं दुःख आहे. माझा पक्षाघाताचा अंदाज बरोबर होता का? ती आजी घरी गेली का?

गणकयंत्र

@रेघोटी, तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि काही ठिकाणी होतंही. हॉस्पिटलातून अंतिम निदान आणि पेशंट घरी गेला का, एवढं परत त्या केसला जोडलं जातं. नेमसिसमध्ये त्यासाठी वेगळा विभागच आहे. त्यासाठी दोन्हीकडचा पेशंट एकच आहे हे जुळावं लागतं, म्हणून मघाशी खोट्या जन्मतारखांवर एवढा चिडलो. करार करताना "निकाल परत येईल" हे लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही.

डॉ_शर्वरी

आमच्या बाजूने मी हे मागणार. तुम्हाला ते कळण्याचा हक्क आहे.

उत्तररात्र

मूळ प्रश्नावर येतो. सगळ्यांचं ऐकून आमच्यासाठी असं ठरवतोय : पेशंटपाशी फक्त वेळेची बटणं, औषधांचा फोटो आणि "शेवटचं ठीक कधी". वाटेत टाइप करायचं नाही. मॉनिटरचे आकडे आणि ईसीजी आपोआप जातील, पेशंट स्थिर असेल तरच ॲलर्जी आणि एक ओळ हकिकत. हे सगळं डॉ. शर्वरींच्या त्या एका पानावर जमा होईल. बाकी हँडओव्हरनंतर, पट्टी समोर ठेवून. काटकोन, आता तरी पटतंय का?

काटकोन

पटतंय, एका अटीवर. त्या "हँडओव्हरनंतर"ला वेळ मिळाला पाहिजे. ट्रॉली मोकळी झाली की गाडी लगेच उपलब्ध दाखवली तर तुमची सगळी योजना कोलमडेल आणि नोंदी ड्यूटी संपताना एकगठ्ठा भरल्या जातील. डिस्पॅचकडे (गाड्या पाठवणाऱ्या केंद्राकडे) "नोंद पूर्ण करत आहोत" अशी वेगळी स्थिती मागा, जिच्यात गाडीला फक्त जिवावरचाच कॉल देता येईल. हे मिळालं तर मी स्वतः तुमच्या योजनेचा प्रचार करीन.

उत्तररात्र

मागतो. लेखी मागतो.

नवांकुर

उशिरा आले, क्षमस्व. नुकतीच रुजू झाले आहे. लहान मुलांच्या केसमध्ये वजनाची चौकट असते. आई सांगते ते टाकायचं की आपला अंदाज?

मीनाक्षी_ई

@नवांकुर, स्वागत. वजन कुठून आलं तेही नोंदवायचं : मोजलेलं, आईने सांगितलेलं की उंचीवरून वजनाचा अंदाज देणाऱ्या टेपने काढलेलं. आईने नुकतंच मोजलं असेल तर तिचा आकडा उत्तम. चौकट फक्त किलोत हवी, पौंडाचा पर्यायच नको. दोन एककं शेजारी असली की मात्रा दुप्पट व्हायचा धोका असतो.

आणि मात्रा लिहिताना द्रावण किती तीव्र ते सोबत लिही. हृदय बंद पडलेल्या मुलाला अ‍ॅड्रेनलिन किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १२ किलोला ०.१२ मिलिग्रॅम, मिलीत ०.१ मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचे १.२ मिली. पण मिलीत १ मिलिग्रॅमवालं अँप्युल हातात असेल आणि तेच १.२ मिली गेलं, तर दहापट डोस जातो. म्हणून पडद्यावर मिलिग्रॅम, मिली आणि द्रावणाची तीव्रता तिन्ही एकाच ओळीत दिसायला हवीत. उत्तररात्र, हेही यादीत घाला.

उत्तररात्र

घातलं. सोमवारी बैठक आहे, यादी घेऊन जातो आणि काय मान्य झालं ते इथेच लिहितो.